बालाघाटावरचे स्वस्त लोखंड

शेतीच्या आणि मजुरीच्या हत्याराची किंमत विकत घेताना मोजलेल्या पैशांत संपत नाही. ते किती दिवस धार धरते, बोथट झाल्यावर पुन्हा कामाला येते की नाही, आणि त्याला पुन्हा कामाला आणणारा कारागीर किती अंतरावर भेटतो, या तिन्ही गोष्टी मिळून त्याचा खरा भाव ठरतो. बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा आणि त्याच्या भोवतालच्या बालाघाटावरील गावांत स्वस्त हत्याराचा शोध कसकसा बदलत गेला, हे पाहू लागले की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. हत्यार विकणारा आणि ते दुरुस्त करणारा हे जोवर एकच होते तोवर स्वस्त-महागाचा निवाडा कारागिराच्या हाती होता. ते दोघे वेगळे झाल्यावर तो संपूर्णपणे गिऱ्हाइकाच्या अंगावर येऊन पडला.

बीड शहरातून दक्षिणेकडे निघालेला रस्ता घाट चढून मांजरसुंब्याला पोहोचतो आणि तेथे फुटतो. एक फाटा पश्चिमेकडे पाटोद्याला जातो, दुसरा पूर्वेकडे नेकनूर, केज व अंबाजोगाईकडे वळतो आणि मुख्य रस्ता सोलापूरच्या दिशेने पुढे सरकतो. सोलापूर व धुळे यांना जोडणारा हा मार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २११ म्हणून ओळखला जाई. आज तो क्रमांक ५२ चा भाग आहे. जवळच कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी असून कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरच्या दिंड्या येतात. या भागाच्या जमिनीचा हत्यारांच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. बालाघाटाचे माथे बसाल्ट खडकाचे, त्यावरची माती बहुतेक ठिकाणी उथळ, आणि मातीखाली लगेच मुरूम लागतो. अशा रानात खुरपे दर दोन-चार हातांवर खड्यावर आपटते आणि कुळवाची पास, म्हणजे कुळवाच्या तळाशी बसवलेले माती कापणारे लोखंडी पाते, गोदाकाठच्या काळ्या रानातल्यापेक्षा लवकर झिजते. त्यामुळे येथल्या शेतकऱ्याला नव्या हत्याराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, गरज पडत आली ती ‘शेवटणे’ या कामाची. बोथट किंवा झिजलेले हत्यार भट्टीत तापवायचे, ठोकून त्याची कड पुन्हा पातळ करायची आणि त्याला पाणी द्यायचे, म्हणजे तापलेली कड पाण्यात बुडवून कडक करायची, याला खेड्यात शेवटणे म्हणतात. नुसते दगडावर घासून धार लावणे वेगळे.

बलुते पद्धतीत या कामाला स्वतंत्र भाव नव्हता. गावाच्या शेतकीला लागणारी कामे वर्षभर करायची आणि मोबदल्यात सुगीच्या वेळी प्रत्येक खळ्यावरून धान्याचा ठरलेला वाटा उचलायचा, ही बलुतेदारीची मूळ चौकट होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात तिचे गुणदोष तपशिलाने मांडले आहेत. बलुतेदारांच्या ओळी, म्हणजे मानाप्रमाणे व कामाच्या निकडीप्रमाणे पाडलेले वर्ग, गावोगावी थोडेफार बदलत. तरी सुतार आणि लोहार हे बहुधा थोरल्या ओळीतच असत, कारण त्यांच्यावाचून पेरणीच अडे. लोखंड व कोळसा शेतकऱ्याने आणायचा, भाता ओढायला किंवा घण मारायला घरचे माणूस द्यायचे आणि कसब लोहाराचे, अशी सर्वसाधारण वहिवाट होती. फाळ, पास, खुरपे, विळा ही शेतीची हत्यारे बलुत्यात येत. विक्रीसाठी किंवा शेतीबाहेरच्या कामासाठी काही घडवून हवे असेल तर त्याचे वेगळे द्यावे लागे. या व्यवस्थेत शेतकरी हत्यारांची तुलना करीत नसे, कारण तुलनेला दुसरा लोहारच नव्हता. मात्र लोहाराला वाईट काम परवडतही नसे. आज कच्चे घडवलेले खुरपे महिन्याभरात त्याच्याच भट्टीवर परत येणार आणि ते पुन्हा ठोकण्याचे वेगळे काही मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होते. बलुतेदारीत जातीची उतरंड होती आणि कारागिराला गावाच्या मर्जीवर जगावे लागे, हे विसरून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही हत्याराच्या टिकाऊपणाची जबाबदारी घडवणाऱ्यावर टाकण्याची जी सोय तिच्यात आपोआप होती, ती नंतरच्या कोणत्याच व्यवस्थेला साधली नाही.

गावात लोहाराचे घर नसेल किंवा असून पुरत नसेल, तेथे घिसाडी येत. घिसाडी, ज्यांना काही भागांत गाडीलोहार म्हणतात, ही भटकी लोहार जमात असून महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या यादीत तिचा समावेश आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात ‘तारीमुकी’ या नावाने नोंदलेली त्यांची बोली गुजरातीच्या गटात धरली आहे, आणि कुटुंबे राजपुतान्यातून व गुजरातेतून दक्षिणेकडे आल्याच्या त्यांच्या परंपरेशी ही नोंद जुळते. बैलगाडीवर ऐरण, भाता आणि संसार लादून ही कुटुंबे गावाच्या वेशीबाहेर किंवा बाजारतळाच्या कडेला पाल ठोकीत आणि पाऊसकाळ तोंडावर आला की सर्वांत जास्त कामात असत. त्यांचे गिऱ्हाईक गावाच्या हक्काचे नसून बाजाराचे असल्यामुळे हत्याराच्या व्यवहारात भाव प्रथम शिरला तो त्यांच्या पालावर. मोबदला धान्यात किंवा नाण्यात देता येई, तसाच ‘मोडीत’ही देता येई, म्हणजे झिजलेले खुरपे किंवा तुटका फाळ लोखंडाच्या वजनावर घिसाड्याला द्यायचा आणि तेवढी किंमत नव्या हत्यारातून वजा करून घ्यायची. मोड ही गरिबाची सवलत होती आणि तिच्यात दोघांचा फायदा होता, कारण घिसाड्यालाही कच्चा माल जागेवर मिळे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पश्चिमेला लागूनच असलेला नगर जिल्हा ब्रिटिश अमलात होता. या सरहद्दीचा परिणाम लोखंडाच्या भावावर होणे अटळ होते. संस्थानाचे स्वतःचे ‘हाली’ नाणे चाले, आणि ७ हाली रुपये म्हणजे ६ ब्रिटिश रुपये, म्हणजेच ‘कलदार’, असे त्यांचे प्रमाण होते. शिवाय बाहेरून येणाऱ्या मालावर संस्थानाचे जकात खाते, जे ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई, साधारण शेकडा ५ दराने जकात घेत असे. पाटोद्याकडच्या माणसाला जामखेडच्या किंवा नगरच्या पेठेतील लोखंडाचा भाव आपल्याकडच्या भावाशी ताडून पाहायचा तर नाण्याचा बट्टा आणि जकात हे दोन्ही मनात धरूनच हिशोब करावा लागे. घिसाड्याच्या पालावर मोडीत केलेल्या व्यवहाराला यातला कोणताच अडथळा नव्हता.

दक्षिणेतील लोखंडकामाची जुनी कीर्ती पाहता हा भाग बाहेरच्या लोखंडावर विसंबून राहिला याचे आश्चर्य वाटू शकते. याच हैदराबाद संस्थानात, आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम येथे, तलवारीच्या पात्यांसाठी जगभर नावाजलेले मुशीतले पोलाद तयार होत असे. ते विकत घेण्यासाठी इराणी व्यापारी तेथे येत, आणि हेन्री व्हॉयसे याने केलेले त्या पद्धतीचे वर्णन १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ते पोलाद निर्यातीचे व शस्त्रांचे. खुरप्याला ते कधीच परवडणारे नव्हते. १८५३ नंतर रेल्वे वाढत गेली तसे विलायती लोखंडी पट्टी व सळई देशात आतपर्यंत पोहोचली आणि ठिकठिकाणच्या लोखंड गाळणाऱ्या भट्ट्या विझल्या. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभारून लोखंडी नांगराचा कारखाना नेटाने चालवला; जमशेदपूरच्या टाटा कारखान्यात १९१२ पासून पोलाद निघू लागले, आणि १९२० च्या दशकात ‘अ‍ॅग्रिको’ या छापाची फावडी, कुदळी व टिकाव बाजारात आले. हत्यारावर उठवलेला छाप ही नवी गोष्ट होती. घडवणाऱ्याचे तोंड न पाहता त्याच्या कामावर भरवसा ठेवता येतो, ही कल्पना या छापामुळे रुजली. छापाच्या कुदळीला घिसाडी सहज नावे ठेवू शकत नसे, कारण तिचे पोलाद खरोखर चांगले होते. पण तिची किंमत रोख द्यावी लागे आणि मोड तेथे चालत नसे.

हैदराबाद–मनमाड रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परभणी, जालना, औरंगाबाद या बाजूने निघून गेली आणि बीड शहराला रेल्वे मिळायला २०२५ साल उजाडावे लागले. त्यामुळे या टापूत कारखान्याचा माल आला तो रस्त्याने. मात्र ज्या मालमोटारींनी कारखान्याची स्वस्त हत्यारे आणून घिसाड्याचा धंदा बसवला, त्यांनीच त्याला त्याच्या आयुष्यातले सर्वांत चांगले पोलादही दिले. मालमोटारीच्या चाकावर जो कमानपाटा असतो, म्हणजे एकावर एक बसवलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या, त्यातली एखादी पट्टी घाटरस्त्यावर आणि खड्ड्यांत तुटते. तुटलेली पट्टी गॅरेजातून भंगारात जाते आणि भंगारातून वजनावर लोहाराकडे येते. साध्या लोखंडी पत्र्यात कार्बनचे प्रमाण इतके कमी असते की तो कितीही तापवून पाण्यात बुडवला तरी म्हणावा तसा कडक होत नाही. कमानपाट्याच्या पोलादात ते अर्ध्या टक्क्याच्या वर असते, म्हणून ते पाणी धरते. मांजरसुंब्यासारख्या महामार्गावरील नाक्यांच्या परिसरात गॅरेज, भंगार आणि भट्टी ही साखळी जुळणे त्यामुळे स्वाभाविकच होते.

कमानपाट्याचा कोयता घडताना पाहिला की त्याच्या किमतीत काय काय मोजले जाते ते कळते. पुरुष सांडशीत लालभडक पट्टी धरून ऐरणीवर फिरवत राहतो, समोर त्याची बायको दोन्ही हातांनी घण उचलून त्याच्या हातोडीने दाखवलेल्या जागी नेमका घाव घालते आणि घरातले एखादे लेकरू भात्याचा पंखा फिरवते. चामड्याच्या भात्याची जागा या हाताने फिरवायच्या पंख्याने घेतली आहे. घाव थांबले की पाते पुन्हा विस्तवात जाते. शेवटी धारेची कड तेवढी तापवून पाण्यात बुडवतात, आणि उरलेली ऊब कडेकडे सरकताना तिच्यावर पिवळसर, मग तपकिरी, मग निळसर झाक चढते. कोणत्या रंगाला पाते दुसऱ्यांदा विझवायचे, यावर धार ठिसूळ होऊन उडणार की मऊ पडून वळणार हे ठरते. हे सारे शिक्षण डोळ्यांचे आहे. घिसाडी बाईच्या घणाचा हिशोब मात्र कोयत्याच्या भावात वेगळा धरला जात नाही, आणि या व्यवसायाच्या अर्थकारणाविषयी जे थोडेफार लिहिले गेले त्यातही तिच्या श्रमाला मिळालेली जागा अपुरी आहे.

हत्याराची निवड ही पोटाशी बांधलेली गोष्ट झाली ती कामाच्या मोजमापावर मजुरी मिळू लागल्यावर. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते या कामांवर मराठवाडा अक्षरशः उलटला, आणि मे १९७३ मध्ये राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन १९७९ पासून अमलात आला. खोदलेल्या मातीचे किंवा फोडलेल्या खडीचे माप घेऊन त्याप्रमाणे दाम मिळत असल्यामुळे टिकावाचे टोक दुपारीच वळले तर उरलेल्या दिवसाची मजुरी बुडत असे. तीच गोष्ट ऊसतोडीची. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली आणि बीड हा ऊसतोड मजूर पुरवणारा सर्वांत मोठा जिल्हा बनला. पाटोदा, केज, धारूर, वडवणी, शिरूर या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडेपर्यंत त्या राबतात. या धंद्यात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणून मोजण्याची रीत आहे. मजुरी टनावर मिळते. जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनामागे २७३ वरून ३६६ रुपये झाला. ऊस जमिनीसरसा तोडावा लागतो, कारण बुडख्याकडे साखर अधिक असते, आणि जमिनीसरसे तोडताना कोयता मातीत व दगडात जातो. त्यामुळे कोयत्याची धार दिवसातून कितीदा लावावी लागते यावर टनाचा आकडा हलतो. ज्या माणसाच्या अंगावर उचलीचे कर्ज आहे, त्याने कोयता निवडताना घासाघीस करावी आणि तरीही सर्वांत स्वस्त कोयता घेऊ नये, यात विसंगती काहीच नाही.

पारखण्याची रीत या निकडीतून घडली. नेकनूरसारख्या मोठ्या आठवडी बाजारात जनावरांच्या व्यवहाराइतकाच हा व्यवहारही निरखण्याजोगा असतो. जाणते गिऱ्हाईक प्रथम पाते दांड्यापासून मोकळे धरून दुसऱ्या लोखंडावर हलके वाजवते. नाद खणखणीत लांबला तर पोलाद एकसंध आहे, बद्द आला तर आत कोठे चीर असावी असे धरतात. मग धारेवर कानस ओढून पाहायची. कानस घसरली तर पाणी नीट बसले आहे, लोण्यासारखी रुतली तर हत्यार नुसत्या पत्र्याचे आहे. विजेच्या सहाणेवर पाते टेकवले तर ठिणग्याही बोलतात. कार्बन पुरेसा असलेल्या पोलादाच्या ठिणग्या फुटून त्यांना काटेरी फाटे येतात, मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात. कुऱ्हाडीचे नेढे, म्हणजे दांडा बसवायचे भोक, पात्याच्या रेषेत आहे की तिरके, हे डोळा मिटून पाहतात. खुरप्याचे मुठीत जाणारे शेपूट आरपार गेले आहे की अर्ध्यावर थांबले आहे, आणि मुठीच्या तोंडावर लाकूड चिरू नये म्हणून घातलेली लोखंडी कडी, म्हणजे शेंबी, घट्ट आहे की नुसती दाखवायला, हेही तपासतात. पहार आणि घण यांचा भाव वजनावर होत असल्यामुळे तेथे फसगत कमी. या परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेतल्या परीक्षांइतक्या सरस मानण्याचे कारण नाही, परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर हवे असते त्याला त्या पुरेशा आहेत, आणि त्या विकणाऱ्याच्या समोर, त्याच्या संमतीने करता येतात.

मिस्त्री कामाची हत्यारे, म्हणजे पक्कड, पाने, पेचकस, छिन्नी, यांचा मार्ग वेगळा राहिला. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधरमध्ये वाढवलेला हा उद्योग, राजस्थानातील नागौरची छोटी कारखानदारी आणि नाशिकचा टपारिया यांचा माल तालुक्याच्या हार्डवेअर दुकानांतून मिळू लागला. शेतातली मोटार, पाइपलाइन आणि मोटारसायकल घरोघर आल्यावर शेतकऱ्यालाही त्याची गरज पडली. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध भारताने उठवले आणि त्यानंतरच्या वर्षांत चिनी बनावटीचे पानांचे संच फार कमी भावात बाजारात उतरले. यात्रेतील हातगाडीवरचा ‘हर एक माल’, शहरातील एकाच भावाचे सेल आणि मोठी सवलतीची दुकाने यांनी या मालाला गिऱ्हाईक मिळवून दिले. येथे जुनी पारख अपुरी पडते. पेटीबंद पाना वाजवून पाहता येत नाही, त्यावर कानस ओढू देत नाहीत आणि चकचकीत मुलामा आतले धातुकाम झाकतो. तरीही तुलनेच्या काही खुणा उरतात. पक्कड उजेडासमोर मिटून धरली असता जबड्यांमधून फट दिसू नये, तिच्या सांध्याच्या रिबिटीत खेळ नसावा, पान्याचा जबडा नटावर ताण दिल्यावर फाकू नये, आणि एकाच मापाच्या दोन नगांपैकी जड असलेला बहुधा बरा. घरात वर्षातून दोनदा लागणाऱ्या पेचकसाला सवलतीच्या दुकानाचा माल पुरतो, हे मान्य करायला हवे. पैसा मोजका असलेल्या घराने तेथे जाणे शहाणपणाचेच आहे. तोट्याचा व्यवहार होतो तो हाच निकष खुरप्याला लावला की. पत्र्यातून ठशाने कापून, रंग देऊन आणि कडेला नुसती घासून विकलेले खुरपे पहिल्या पावसापुरते चालते. पुढे ते शेवटायला नेले तर घिसाडी ते ठोकून देतो, पण पाणी धरण्याजोगे पोलादच त्यात नसल्याने धार दोन दिवसांत जाते, आणि मोडीतही त्याला फारसे कोणी विचारत नाही.

१ जुलै २०१७ रोजी लागू झालेल्या वस्तू व सेवा करात खुरपे, विळा, फावडे, कुदळ, कुऱ्हाड अशा हाती वापरायच्या शेतीच्या हत्यारांना कर नाही, तर पक्कड, पाने यांसारख्या हत्यारांवर १८ टक्के कर आहे. शेतीचे हत्यार करमुक्त ठेवण्यामागचा हेतू चांगला असला, तरी या सवलतीने कारखान्याच्या पत्र्याचे खुरपे आणि घिसाड्याचे कमानपाट्याचे खुरपे यांत फरक केलेला नाही, आणि तो करण्याची अपेक्षा कराच्या तक्त्याकडून ठेवताही येणार नाही. घिसाड्याला खरी उणीव भासते ती बसायच्या जागेची. रस्ते रुंद झाले, नाक्यांवरच्या मोकळ्या जागांना भाव आला, कोळसा महागला, आणि पाल ठोकायला दिलेली बाजारतळाची कड सर्वांत आधी जाते. जेथे ती शिल्लक आहे तेथे खुरपणीपूर्वी आणि दसऱ्याच्या आधी गर्दी होते. माणसे पक्कड व पेचकस दुकानातून घेतात आणि कोयत्यासाठी मात्र भट्टीसमोर नंबर लावून बसतात, कारण पुढचे पाच महिने ज्या हत्याराच्या टनावर उचल फेडायची आहे ते कोणी घडवले आणि बोथट झाल्यावर कोणाकडे न्यायचे, हे त्यांना घराबाहेर पडण्यापूर्वीच माहीत असावे लागते.